कागदावर नसलेले चौदा महिने

पर्सोनेल ऑफिसचं पत्र वसुधा टिपणीसनं टेबलाशी उभ्यानंच वाचलं. मजकूर तीन ओळींचा. ‘सुपरवायझरी प्रोग्रॅम ॲनलिस्ट’ या जागेसाठी आपण पात्र नाही. हाताखालच्या माणसांवर देखरेख केल्याचा अनुभव अर्जावरून सिद्ध होत नाही. ती पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागली, एवढ्यात सेक्शनमधला एकजण रजेचा फॉर्म घेऊन समोर आला.

‘‘वसुधा, शुक्रवारी सुटी घेऊ ना? कामाचं तू बघशील?’’

‘‘घे,’’ ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

वसुधा मूळची नाशिकची, संख्याशास्त्रातली एम.एस्सी. १९७१ साली लग्न होऊन अमेरिकेत, एडिसनला आली. नवरा उल्हास केमिकल इंजिनिअर, त्याला नोकरी लगेच मिळाली. तिला सिटिझनशिप मिळेपर्यंत सरकारी दारं बंद होती. ती मिळाली आणि ७६ साली नूअर्कमधल्या एका सरकारी ऑफिसात ती टायपिस्ट म्हणून लागली. पदवी होती, पण ती इथल्या पदवीच्या बरोबरीची आहे हे पटवून देण्यातच दोन वर्षं गेली. मग एकेक ग्रेड चढत ती प्रोग्रॅम ॲनलिस्ट झाली. सरकारी योजना कुठे अडतात, पैसा आणि माणसं कुठे वाया जातात, हे आकड्यांवरून शोधून काढायचं काम. त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

८५च्या जानेवारीत तिचे सुपरवायझर फ्रँक डेलेनी यांचं पाठीचं ऑपरेशन झालं. त्यानंतर ते फक्त गुरुवारी यायचे. सहा माणसांना कामं वाटून देणं, त्यांच्या रजा, त्यांची भांडणं, वर्षअखेरीचे त्यांचे कामगिरीचे रिपोर्ट लिहिणं, सगळं वसुधाकडे आलं. गुरुवारी डेलेनी सह्या करायचे. असं चौदा महिने चाललं. मग ते पुन्हा नियमित येऊ लागले आणि ८६च्या डिसेंबरात रिटायर झाले. त्यांच्याच जागेसाठी वसुधानं अर्ज केला होता. तीन वीकेंड बसून, एकेक चूक पांढऱ्या शाईनं खोडत तिनं तो लांबलचक फॉर्म टाइप केला होता.

ती पत्र घेऊन तडक पर्सोनेलमध्ये गेली. तिथल्या मिसेस ग्रीर वाईट बाई नव्हत्या. त्यांनी फाइल काढून दाखवली.

‘‘तुमच्या पदाच्या वर्णनात देखरेख कुठेच नाही. तात्पुरतं काम सोपवल्याचा आदेशही नाही.’’

‘‘पण ते काम मी केलंय! सेक्शनमध्ये कुणालाही विचारा.’’

‘‘मला फाइललाच विचारावं लागतं,’’ मिसेस ग्रीर म्हणाल्या. ‘‘मिस्टर डेलेनींचं सहीचं पत्र आणा. शुक्रवारपर्यंत.’’

डेलेनी आता दीड तासावर, समुद्रकाठच्या गावात राहत होते. दुसऱ्याच दिवशी वसुधानं रजा टाकली. उल्हास ड्राइव्ह करायला सोबत आला. डेलेनींनी दारातच तिचे दोन्ही हात हातात घेतले.

‘‘ही नसती तर सेक्शन बुडालाच असता,’’ ते उल्हासला म्हणाले.

वसुधानं टाइप करून आणलेलं पत्र पुढे केलं. त्यांनी ते वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

‘‘वसुधा, यावर मला सही करता येणार नाही.’’

‘‘का? यात खोटं काय आहे?’’

‘‘काहीच नाही. पण ते चौदा महिने हजेरीपटावर मी पूर्ण आठवडा कामावर आहे. तू सेक्शन चालवत होतीस असं लिहिलं तर मी कुठे होतो, हे कुणीतरी विचारेलच. माझं पेन्शन आहे, गं.’’

त्यांच्या बायकोनं केक आणला होता. वसुधानं त्याला हातही लावला नाही.

परतताना उल्हास म्हणाला, ‘‘जाऊ दे ना. आत्ता आहे ती ग्रेड काय वाईट आहे?’’

‘‘तू दोन नोकऱ्या बदलल्यास. केलेलं काम केलंय हे सिद्ध करायला तुला कुणी एकदा तरी सांगितलं?’’

उल्हासनं रेडिओ लावला, आणि त्याचाही तिला राग आला.

सगळं वर कळवावं असं तिच्या मनात दहादा आलं. पण हजेरीचं तिला तेव्हाच ठाऊक होतं. ‘मग इतके दिवस बोलला का नाहीत?’ असं कुणी विचारलं, तर ती काय सांगणार? आजारी माणसाला सांभाळून घेतलं, एवढंच. शेवटी तिनं स्वतःच्या हस्ताक्षरातले रिपोर्टांचे कच्चे खर्डे नेऊन दिले. ‘‘खर्डे तुमचे, पण रिपोर्टवर सही त्यांची आहे,’’ मिसेस ग्रीर हळूच म्हणाल्या. मुदत संपली.

जागेवर वॉशिंग्टनहून एक तरुण गृहस्थ आले. बोलायला गोड. दुसऱ्याच आठवड्यात तिच्या टेबलाशी येऊन म्हणाले, ‘‘तुम्ही सगळ्यांना ओळखता. वर्षअखेरीचे रिपोर्ट तुम्हीच ड्राफ्ट करता का?’’

‘‘करते,’’ वसुधा म्हणाली. ‘‘आधी लेखी आदेश द्या. माझ्या पदाच्या वर्णनात तसं घाला.’’

‘‘अहो, एवढीशी गोष्ट!’’

‘‘एवढीशीच आहे, तर घाला की.’’

त्यांचा चेहरा पडला. पुढे सहा आठवडे ऑफिसात ती हेकट ठरली. जेवायच्या सुट्टीत तिच्या शेजारची खुर्ची रिकामी राहू लागली. तिनं रिपोर्टची एक ओळही लिहिली नाही. अखेर आदेश निघाला, तिच्या फाइलला लागला, आणि मगच तिनं पेन उचललं.

८९ साली ट्रेंटनच्या एका ऑफिसात तशीच जागा निघाली. या वेळी ‘पात्र’ असं पत्र आलं, आणि इंटरव्ह्यूनंतर जागाही मिळाली. नऊ माणसं हाताखाली. काम तेच, जे तिनं चार वर्षांपूर्वी केलं होतं.

महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीला तिथले जुने सभासद प्रल्हादकाका आनंदानं म्हणाले, ‘‘वा, वसुधा! मेहनतीचं चीज झालं.’’

‘‘मेहनत ८५ सालीच झाली होती, काका,’’ ती म्हणाली. ‘‘त्यानंतर केली ती नुसती कागदपत्रं.’’

काका मोठ्यानं हसले. ती हसली नाही. प्लेट घेऊन ती रांगेत जाऊन उभी राहिली.