बिनटपाची लाल गाडी

ती लाल गाडी अजून माझ्या डोळ्यांपुढून हललेली नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यांतले बरेचसे आता एकमेकांत मिसळून गेलेत. ही साधी वाहनचोरी. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण आठवते ती हीच. नावं कुणाची लिहीत नाही, माणसं अजून तिथंच राहतात.

आधी माझं सांगतो. मी हिंगोलीकडचा. आठवीनंतर शाळा सुटली. तेव्हा कमी शिक्षणावरही पोलिसात शिपाई घेत, म्हणून मुंबई बघायला मिळाली. शिपायाचा हवालदार झालो, शेवटी सहायक फौजदार. या खात्यानं मला पोटाला दिलं, माझी पोरं शिकवली, ते उपकार फिटायचे नाहीत. पण कागद समोर आला की अजून तळहाताला घाम सुटतो. त्या वर्षी तर नवा कायदा नुकताच लागू झालेला. जन्मभर पाठ केलेली कलमं बदलली. चोरीचं तीनशे एकोणऐंशी गेलं, तीनशे तीन आलं. निवृत्ती तोंडावर होती आणि मला एकच धास्ती, जाता जाता हातून काही चुकू नये, पेन्शन अडकू नये.

मी बोरिवलीच्या बाजूच्या एका ठाण्यात होतो. नवरात्र चालू होतं. सकाळी हजेरी झाली, लॉकअपमधल्या आरोपींना चहा गेला, तेवढ्यात एक वयस्क नवरा-बायको ठाणे अंमलदाराच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. ते सत्तरीचे, कारखान्यातून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले. बाई मागे, पर्स दोन्ही हातांनी धरून.

"गाडी चोरीला गेली," ते म्हणाले. आदल्या दिवशी दोघं मुलुंडला नातेवाइकांकडे बारशाला गेले होते, भाड्याच्या टॅक्सीनं. परत आले तर सोसायटीतली जागा रिकामी.

गाडीचं नाव त्यांनी सांगितलं. मला ते एका दमात लिहिता येईना. आमच्या पथकात एक महिला शिपाई होती, बोरिवलीतच वाढलेली, जिभेला लगाम नाही. तिनं मोबाइलवर नाव शोधून फोटो माझ्यापुढे धरला. लाल, बुटकी, दोन सीटची, वर टप नाही.

"काका, किती जुनी आहे?"

"माझ्याहून थोडी लहान."

"आणि हिला तुम्ही रोज चालवता? लोक असली गाडी काचेत ठेवतात ना."

"काचेत मिठाई ठेवतात, बाई. गाडी रस्त्यावर."

मग ते बोलतच सुटले. भांडुपच्या भंगारातून नुसता सांगाडा आणला होता. कित्येक वर्षं एकेक भाग जमवून उभी केली. रोज चालवली नाही तर ती रुसते, असं त्यांचं म्हणणं. सकाळी चोक ओढायचा, इंजिन गरम होईस्तोवर शेजाऱ्यांच्या शिव्या खायच्या. हल्लीच्या पेट्रोलनं रबरी नळ्या खराब होतात म्हणून त्या बदलत राहायच्या. पोटाखाली तेल ठिबकतं म्हणून रात्री पत्र्याचा ट्रे सरकवायचा. स्पीडब्रेकरवर सरळ गेलात तर बूड घासतं, तिरपी घालावी लागते. बोरिवलीपासून दहिसर नाक्यापर्यंतचा प्रत्येक ब्रेकर त्यांना तोंडपाठ होता. प्रत्येक सिग्नलला कुणीतरी रिक्षातून डोकं काढून विचारणार, काका, केवढ्याला घेतली?

"विमा आहे का?" मी विचारलं.

"आहे. पण विम्यानं काय होतंय? साहेब, मला माझी सकाळ परत पाहिजे. रोज मी आणि ही निघतो. नाक्यापर्यंत जातो, येताना भाजी घेतो. निवृत्त झाल्यापासून आम्ही दोघं एकत्र करतो असं हे एकच आहे. हिच्यासाठीच बांधली मी ती गाडी."

मागे उभ्या बाईंनी पर्स आणखी घट्ट धरली. मला वाटलं, धक्का बसलाय. आम्ही फिर्याद घेतली, गुन्हा दाखल केला.

घटनास्थळाचा पंचनामा करायला गेलो. पार्किंगमधला कॅमेरा बंदच होता, सोसायटीचे कॅमेरे बहुधा बंदच असतात. जमिनीवर तेलाचे डाग. पण तेलाचा तो ट्रे भिंतीशी नीट उभा करून ठेवलेला, त्यात कुणाचा पाय पडू नये असा. महिला शिपाई म्हणाली, "साहेब, हा चोर चांगल्या घरचा दिसतो." मी हसलो, पण ते मनात राहिलं. त्यातून फिर्यादींनी सांगितलेलं की बॅटरीचा छुपा खटका सीटखाली आहे, तो फिरवल्याशिवाय गाडीत जीव येत नाही. म्हणजे नेणारा माहीतगार होता.

पण बाहेरून दुसराच रेटा होता. सोसायटीचे सेक्रेटरी आणि फिर्यादींचा मुलगा, दोघांनी वॉचमनकडे बोट दाखवलं. मुलगा चाळिशीचा, कॉम्प्युटर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, बोलायला अगदी मऊ. "आम्ही आरोप करत नाही," तो म्हणाला, "पण त्याला जरा नीट विचारा ना."

वॉचमन परभणीचा निघाला. माझ्या शेजारच्या जिल्ह्याचा. दुपारी पाण्याचा पंप सुरू करायला इमारतीच्या मागे गेला होता, गाडी बाहेर जाताना त्यानं पाहिली नाही, एवढंच तो सांगत होता. बाकावर बसवल्यावर पहिला तास तो रडवेला होता. नंतर चिडला.

"साहेब, मला सायकल धड येत नाही, अन् ती इलायती गाडी मी नेली? नेऊन चारू काय तिला?"

माणसाची एक गोष्ट मी ठाण्यात शिकलो. निर्दोष माणूस बसवून ठेवला की हळूहळू तापतो. दोषी असलेला उलट सभ्य होत जातो, मदत करू का विचारतो. संध्याकाळी मी वॉचमनला सोडून दिला. पण तोवर वॉचमन पुरवणाऱ्या एजन्सीनं त्याच्या जागी दुसरा उभा केला होता.

नंतर रोज बापलेकांचा फोन येई. बाप विचारायचा, "साहेब, असेल तिथं तिच्यावर पाणी तर पडत नसेल ना?" मुलगा विचारायचा, "हे अजून किती चालेल?" सापडली का, हे त्यानं एकदाही विचारलं नाही. मी ते टिपून ठेवलं नाही, पण कानात राहिलं.

दसऱ्याला ठाण्यात शस्त्रपूजा असते. रायफली, पिस्तुलं चौरंगावर मांडतात, मोठे साहेब म्हणजे आमचे वरिष्ठ निरीक्षक पूजेला बसतात, बाहेर गाड्यांना हार घालतात. त्या गडबडीत फिर्यादी आले. हातात झेंडूचा भलामोठा हार.

"सवयीनं घेतला," म्हणाले. "बाजारात गेलो, हार घेतला, घरी आल्यावर लक्षात आलं की घालायचा कशाला."

महिला शिपायानं तो हार त्यांच्या हातातून घेतला आणि आमच्या जुन्या व्हॅनला घातला. "हिला पण कोणी विचारत नाही, काका. आज हिचा दसरा होऊन जाऊ दे." ते थोडं हसले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी हजेरीलाच ती माझ्याकडे धावत आली. "साहेब, हे बघा. माझ्या दिराचं स्टेटस."

तिचा दीर चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत एका गाळ्यात कामाला होता. फोटोत गाळ्यातली यंत्रं, प्रत्येकावर कुंकवाचं स्वस्तिक, सगळे कामगार ओळीनं उभे. आणि मध्ये आमची लाल गाडी. बॉनेटवर स्वस्तिक, गळ्यात हार, चाकाखाली लिंबू.

पंच घेऊन गेलो. नव्या कायद्यानं झडतीचं सगळं मोबाइलवर चित्रित करावं लागतं. कुठलं बटण दाबायचं ते मला कळेना, तर तिनं माझ्या हातातून फोन काढून घेतला. "तुम्ही बोला, मी धरते." त्या पोरीचे माझ्यावर असे पुष्कळ उपकार आहेत.

गाळ्याचा फोरमन मालवणचा, जानव्याला किल्ल्या बांधलेला. गाडीवर कव्हर पुन्हा घातलं होतं, त्याखालून हाराच्या पाकळ्या पडलेल्या.

"साहेबांनू, आमका काय म्हायत? मालकाच्या दोस्तान ठेयल्यान. तो म्हणालो, कव्हर काढू नकात."

"मग का काढलं?"

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काहीतरी भलतं विचारलं. "दसऱ्याक गाडी बिनपूजेची ठेवची काय?"

लपवणाऱ्यानं सगळा विचार केला होता. कॅमेरा, पंपाची वेळ, छुपा खटका, कव्हर. मराठी कामगारांच्या मध्ये दसऱ्याला गाडी ठेवली तर तिला हार पडणारच, हे मात्र त्याच्या डोक्यात आलं नाही.

मालकाच्या दोस्ताचं नाव विचारलं. फिर्यादींचा मुलगा.

त्याला चौकशीला बोलावलं. मी त्याला खुर्ची दिली, चहा दिला, फोटो टेबलावर ठेवला आणि गप्प बसलो. सुशिक्षित माणसाला शांतता सोसत नाही.

"चोरी नाही केली मी," तो म्हणाला. "माझ्या बापाची गाडी आहे."

"बापाला विचारलं होतं?"

"शंभर वेळा सांगून झालं, सोडा आता ती गाडी. हायवेवर डंपरवाल्याला ती दिसतसुद्धा नाही. एअरबॅग नाही, धड ब्रेक नाहीत. गेल्या महिन्यात थोडक्यात वाचले. वरून हसत घरी आले. काय करणार होतो मी?"

"वॉचमनला बाकावर बसवला होता, तेव्हा काय करत होतास?"

त्यानं चहाचा कप बाजूला सरकवला आणि म्हणाला, "खटका सीटखाली आहे हे मला माहीत नव्हतं. किल्ली पण पप्पांच्या कपाटात असते. मी एकट्यानं नाही केलं. आईला विचारा."

मी नोकरीत पुष्कळ कबुल्या ऐकल्या. ही ऐकायला नको होती असं वाटलं.

नवरा-बायको दोघंही आले. गाडी सापडली एवढंच त्यांना फोनवर कळवलं होतं, म्हणून फिर्यादी पेढे घेऊन आले होते. मुलाला तिथं बसलेलं पाहून थांबले. मी जेवढ्या थोडक्यात सांगता येईल तेवढ्या थोडक्यात सांगितलं. त्यांना राग येईल असं वाटलं होतं. ते बायकोकडे वळले.

"तुला माहीत होतं?"

"किल्ली मीच दिली," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज मी पहिल्यांदा नीट ऐकला. "खटका पण मीच सांगितला. बारशाला टॅक्सीनंच जाऊ, हे पण माझंच."

"अगं, पण का?"

"भीती वाटते मला. रोज वाटते. घरातून निघाल्यापासून परत येईस्तोवर मी देवाचं नाव घेत बसते."

"इतकी वर्षं?"

"इतकी वर्षं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही रोज म्हणायचात, हिच्यासाठी बांधली. मग मी काय बोलणार?"

मला राहवलं नाही. मी विचारलं, "बाई, त्या वॉचमनला आम्ही बसवलं, तेव्हा तरी?"

"बोलणारच होते," त्या म्हणाल्या आणि पर्सची चेन लावू-उघडू लागल्या.

फिर्यादी माझ्याकडे वळले. "साहेब, हे सगळं मागे घ्या."

मी त्यांना मोठ्या साहेबांकडे नेलं. साहेब त्यांना बसा म्हणाले आणि नंतर कडकच बोलले. "गुन्हा नोंदला गेलाय. इथं खोडरबर ठेवत नाही आम्ही. तुम्हाला जे सांगायचं ते कोर्टापुढे सांगा." तसंच झालं. कोर्टात त्यांनी मुलाविरुद्ध तक्रार नाही असं सांगितलं, प्रकरण मिटलं. पेढ्यांचा बॉक्स ठाण्यातच राहिला. कुणी फोडला नाही, पुढे कुणीतरी घेऊन गेलं.

गाडी मुद्देमाल म्हणून आमच्या आवारात उभी होती, अपघातातल्या स्कूटर आणि गंजलेल्या रिक्षांच्या मध्ये. कोर्टाचा आदेश आला तेव्हा तिघंही ताबा घ्यायला आले. फिर्यादींनी बंधपत्रावर सही केली, खटका फिरवला, चोक ओढला. गाडी थोडी खोकली आणि सुरू झाली. आमचे शिपाई गोळा झाले. एकानं टाळीसुद्धा वाजवली.

ते स्टिअरिंगपाशी बसून राहिले. शेजारची सीट रिकामी. बायको दरवाज्याबाहेर उभी होती. त्यांनी तिच्याकडे पाहून विचारलं, "बसायचंय का तुला?"

मला खात्री आहे, ते त्यांनी तिला पहिल्यांदाच विचारलं असणार. विचारायची सवय असलेला माणूस असं अडखळत विचारत नाही.

"नाही," त्या म्हणाल्या.

"बरं."

त्यांनी इंजिन बंद केलं, उतरले, किल्ली मुलाच्या हातात दिली. "तू ने. दुसरा गिअर अडकतो, जोर लावू नकोस." मग गेटबाहेर जाऊन रिक्षा थांबवली. बायको आत बसली. ते ड्रायव्हरच्या शेजारच्या अर्ध्या जागेवर टेकायला निघाले होते, रिक्षावाल्यानं मागे बसवलं. दोघं दोन कडांना बसून गेले.

गाडी नंतर मुलानं विकली असं ऐकलं. वॉचमनला भांडुपला एका बांधकामावर रात्रपाळी मिळाली, ती मी एका ओळखीच्या माणसाला सांगून मिळवून दिली. त्याची माफी मागायला त्या घरातून कुणी गेलं नाही. गेलं असतं तर तो म्हणाला असता, राहू द्या. आमच्याकडची माणसं असंच म्हणतात.

या केसनं मला काय शिकवलं, असं नातू विचारतो. मी पूर्वी समजायचो की खरं बाहेर काढलं की आपलं काम झालं आणि समोरच्याचं बरं झालं. काम झालं हे खरंच. पण फिर्यादींचं काय झालं? चोर सापडला नसता तर तो म्हातारा गाडीसाठी हळहळत राहिला असता, आणि त्या सगळ्या सकाळी तरी त्याच्याजवळ राहिल्या असत्या. आम्ही गाडी परत दिली आणि त्या सकाळी नेल्या. शिवाय त्या बाईंचं भिऊन बसणं मला चूक म्हणवत नाही, आणि त्या पोराचं घाबरणंही. एकाला धरून ओरडावं असं कुणी हाती लागत नाही.

महिन्याच्या बैठकीत मोठ्या साहेबांनी माझं नाव घेऊन शाबासकी दिली. चोरीस गेलेली मालमत्ता जशीच्या तशी परत मिळाल्याचा आमच्या ठाण्याचा त्या महिन्यातला तो एकमेव गुन्हा होता. अहवाल मीच लिहिला होता. एकेक अक्षर दोनदा वाचून, काही चुकू नये म्हणून. "फिर्यादीची संपूर्ण मालमत्ता हस्तगत करून परत करण्यात आली." साहेबांनी वाचून दाखवलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी उभा राहून नमस्कार केला.