थंडोबाचा घाम

थंडोबा हे नाव त्याला गोदामातल्या हमालांनी दिलं, आणि त्यालाही ते आवडायचं. सव्वीस वर्षं तो कोल्ड स्टोअरेजच्या आत, दोन अंशांच्या हवेत, फळांच्या पेट्या तपासत होता. नासकी पेटी त्याला नुसत्या वासावरून कळे. स्वतःच्या रक्तातली साखर मात्र पायाची जखम दीड महिना चिघळली तेव्हा कळली. जखम भरली, साखर राहिली.

"तीन महिने बघू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "उतरली नाही, तर रोज इंजेक्शन."

सुईचं नाव काढलं की तो हात पाठीमागे लपवी. त्यात गारठलेल्या बोटातून तपासणीपुरतं थेंबभर रक्तही धड निघत नसे. म्हणून नर्सने त्याच्या दंडावर एक पट्टी चिकटवली, अजून चाचणीवर असलेली. ती घामातून साखरेचा अंदाज घेऊन मोबाइलवर आकडा दाखवणार होती.

आठवडाभर आकडाच आला नाही.

नर्सने पट्टी निरखून पाहिली. "काका, ही ठणठणीत कोरडी आहे. तुम्हाला घाम येतच नाही का?"

"येतो की. तुमची सुई पाहिली की."

घरी बायकोची हसून पुरेवाट झाली. "सव्वीस वर्षं घाम न गाळता पगार आणलात. शेवटी मशीनने पकडलंच तुम्हाला."

"पकडू दे. आकडा यायला हवा."

मग रोज दुपारी जेवण झालं की तो दाराचा रबरी पडदा सारून बाहेर येई आणि गोदामामागचा लोखंडी जिना चढे. चार मजले वर, चार खाली, पुन्हा वर.

"थंडोबा, वर काही विसरलात का?" हमाल खालून विचारत.

पहिल्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच धाप लागली. कठडा धरून तो उभा राहिला. कानामागून काहीतरी ओघळलं. मुंगी असेल म्हणून त्याने झटकायला हात नेला, तर बोट ओलं झालं. आपल्या आतलं काही असं बाहेर येतं, हे तो विसरूनच गेला होता.

आकडे येऊ लागले. कधी दिसत, कधी गडप होत. तान्ह्या पोराला पाजावं तसा तो त्या पट्टीला घाम पाजत राहिला.

तीन महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोलून काढली. "ही काही तुम्हाला लागू पडली नाही. हिचे आकडे मी धरत नाही." मग रक्ताचा रिपोर्ट पुढे सरकवला. "हा धरते. साखर उतरलीय. सध्या इंजेक्शन नको. केलंत तरी काय?"

"काही नाही. या पट्टीपायी जिना चढलो."

"मग चढत राहा."

दुसऱ्या दिवशी चौथ्या मजल्यावर पोचल्यावर त्याने सवयीने मोबाइल काढला आणि तसाच खिशात ठेवला. दंडावर पट्टीच्या जागी फिकट चौकोन होता. वाऱ्यावर घाम हळूहळू निवत होता. पुसायची त्याने घाई केली नाही.