एक सीडी, पाच गावं

पत्रकं मी बऱ्याच विषयांवर लिहिली. बाहेरचे ट्रॉलर आमच्या किनाऱ्यात घुसतात त्यावर लिहिलं, बर्फाच्या भावावर लिहिलं, बंदरात साचलेल्या गाळावर लिहिलं. उद्या तू सॉफ्टवेअरच्या परवान्यावर लिहिशील असं कोणी म्हणालं असतं तर मी त्याला धक्क्यावरून ढकलून दिलं असतं. पण लिहिलं. आणि त्या आठवड्याइतकी मजा मला कुठल्याच मोर्चात आली नाही.

आमच्या मच्छीमार सोसायटीचं मुख्य कार्यालय मालवणात. होडीच्या डिझेलची चिठ्ठी तिथेच मिळायची. बाबा समुद्रात, म्हणून चिठ्ठीसाठी एसटी धरायची ती आईने. आई मासे विकायची. त्या दिवसाचा तिचा बाजार बुडालाच म्हणून समजा. गावातल्या सगळ्याच बायकांचं हे रडगाणं, आणि ते कोणी रडगाणं म्हणूनसुद्धा ऐकत नव्हतं! मी पत्रकांवर पत्रकं काढली: गावोगावी खिडकी उघडा, कॉम्प्युटर बसवा, चिठ्ठी तिथेच द्या. शेवटी चेअरमन कंटाळून म्हणाले, "बसवतंय गो बाय, पण आता लिहू नको."

चेअरमन जुने रापणकार. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. होडीने ते समुद्रात फेर धरून सोडायचं आणि दोन्ही टोकांचे दोर गावाने मिळून ओढायचे. दोराला हात लावेल त्याला वाटा. ओढणारे शंभर असले म्हणून शंभर जाळी कोणी घेत नाही. त्याच न्यायाने चेअरमननी पाच गावांसाठी पाच कॉम्प्युटर घेतले आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरची सीडी घेतली एक. यात काही चुकतंय असं सबंध सोसायटीत कोणाच्या मनातही आलं नाही.

उद्घाटनाला पाचही कॉम्प्युटर मालवणात मांडले होते, गळ्यात झेंडूच्या माळा घालून. प्रमुख पाहुणा कोण? तर ज्याच्याकडून सीडी घेतली तो कोल्हापूरचा डीलर. नारळ ठेवला आणि चेअरमननी स्वतः हात जोडून गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा! आज एकच सीडी आणून तुझ्या लेकरांनी पाचय गावांचे कॉम्प्युटर चालू केले हत, ता काम तू तडीक ने रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा मांडव ओरडला.

"कोणाची वायट नजर आसात, ती भायल्या भायर घालव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

डीलर माझ्या शेजारीच बसला होता. त्याने हळूच विचारलं, "मॅडम, किती मशीन म्हणाले?"

"पाच."

"आणि सीडी?"

"एक. तुमचीच की."

पंगतीत बिचाऱ्याच्या ताटात चांगलं सुरमईचं कालवण होतं, पण त्याची नजर त्या पाच मशिनींवरच. जेवण झाल्यावर त्याने चेअरमनना बाजूला घेतलं. "साहेब, हा परवाना एका मशीनचा आहे. बाकीच्या चार कॉप्या बेकायदेशीर. याला चोरी म्हणतात."

"चोरी?" चेअरमनचा आवाज मांडवाबाहेर गेला. "गाराणां घालून कोण चोरी करता काय रे? देवासमोर सांगलंय मी!"

"कंपनीची तपासणी आली तर केस होईल. आणखी चार सीड्या घ्या, नाहीतर चार ठिकाणची काढून टाका. तिसरा मार्ग नाही."

"काढून टाकतंय! चारय खिडक्यो बंद! चोरीचो आळ घेवन माका एकय खिडकी नको."

रविवारच्या सभेत तसा ठराव येणार हे संध्याकाळपर्यंत किनाराभर झालं. आई पाटी धूत होती. "म्हणजे माका परत एस्टी?"

"नाय गो."

"नाय म्हणतंस, तां कोणाच्या जीवार?"

माझ्या जिवावर! मी तिथेच बसून पत्रक लिहायला घेतलं. मथळा तयार होता: 'जाळं विणलं एकदा, पैसे मागता पाचदा?' पण पत्रकबाजीत मी एक गोष्ट शिकले होते. समोरच्याचं म्हणणं त्याच्याच तोंडून काढून घ्यायचं आणि मग त्यावर तुटून पडायचं. सकाळीच एसटीडी बूथ गाठला आणि सीडीच्या खोक्यावरचा कंपनीचा नंबर फिरवला. याला द्या, त्याला द्या करत शेवटी एक बाई फोनवर आल्या. मी तावातावाने सगळं सांगितलं.

"पण एकाच संस्थेला पाच ठिकाणी हवं, तर तुम्ही सुटे खोके कशाला घेताय?" त्या म्हणाल्या.

मग त्यांनी समजावलं. सुटा परवाना एका मशीनचा. दुसरा प्रकार एकाच कार्यालयात वायरने जोडलेल्या मशिनींचा, तो गावोगावच्या खिडक्यांना उपयोगाचा नाही. तिसरा एकगठ्ठा परवाना: सीडी एकच, कागदावर मशिनी पाच, आणि दर मशीनमागे किंमत सुट्या खोक्यापेक्षा पुष्कळ कमी. वर आम्ही घेतलेली सीडी त्या पाचांत धरणार!

मी बूथमध्ये उडीच मारली. मालकाने काचेवर टकटक केली. "काय गो, लॉटरी लागली?"

मी फोनवर बाईंना विचारलं, "मग तुमचा डीलर तिसरा मार्ग नाही म्हणाला तो?"

"एकगठ्ठा आम्ही थेट देतो. डीलर सुटे खोके विकतात."

बघा! माणूस आमची सुरमई खाऊन आम्हालाच चोर म्हणतो आणि अर्धी गोष्ट खिशात ठेवून घाट चढतो. संताप आला तो असा की मी बाईंनाच ऐकवलं, "पावसात मासेमारी बंद, खिडक्या बंद. त्या महिन्यांचे पैसे का द्यायचे?"

"तसा परवाना नाही हो आमच्याकडे," त्या हसून म्हणाल्या.

"मग काढा!"

सभेत मी हे सगळं एका दमात सांगितलं. माणसं खूश झाली. चेअरमन हलले नाहीत. "पैशाचा नाय गो. तेनी माका चोर म्हटल्यान. आता पैसे दिलंय तर चोरी कबूल केल्यासारख्या होतला."

इथे पत्रकाचा मथळा चालणार नव्हता. मी विचारलं, "काका, बाबा रापणीत होते आणि आजारी पडले, ते वर्ष आठवतं? वर्षभर त्यांनी दोराला हात लावला नाही. तरी घरी वाटा येत होता. तुम्हीच आणून द्यायचात."

"जाळ्याचो वाटो तो. तुझ्या बापाशीचां जाळां रापणीक लावलेलां होतां. ओढणाऱ्याक हाताचो वाटो, जाळेवाल्याक जाळ्याचो. तो देवकच होयो."

"मग आपल्या या सीडीच्या जाळ्याचा वाटा कोणाला दिला?"

"त्या डीलराक?" मागून कोणीतरी ओरडलं आणि सभा हसली.

"डीलरने काय विणलंय! विणणारी पोरं कुठेतरी शहरात मशीनसमोर डोळे फोडत बसलीत. त्यांचा वाटा एका खिडकीचा पोचलाय, चार खिडक्यांचा द्यायचा राहिलाय."

चेअरमन मिशी कुरवाळू लागले. मग एकदम उसळले, "मगे वाटो म्हणान सांग ना गो! दोन दिस नुसतो परवानो, परवानो! वाटो कोणाचो बुडवलो नाय मी जल्मात. लिवा ठराव, पाचय खिडक्यो चालू. आणि पैसे थेट कंपनीक. त्या सुरमयवाल्याक दमडी नको."

एकगठ्ठा परवान्याचा कागद आला तो सगळा इंग्रजीत. झालं, मला विषय मिळाला! करार मराठीत द्या, आणि विकताना परवान्याचे सगळे प्रकार तोंडाने सांगा, अशा मागण्यांचं पत्रक मी शाळांत, काजूच्या कारखान्यांत, पार देवगडच्या आंबेवाल्यांपर्यंत वाटलं. तेव्हा कळलं, जिल्हाभर हीच गत. जिथे तिथे सीडी एक आणि मशिनी ढीगभर! दोन आंबेवाले तर गाडी घेऊन आमच्या दारात आले, कंपनीचा तो नंबर मागायला.

आमच्या गावची खिडकी उघडली त्या सकाळी मी आईच्या पुढे पुढे करत होते. तिला सांगायचं होतं, बघ, ही चिठ्ठी आता कायदेशीर सॉफ्टवेअरवर निघतेय, एकगठ्ठा म्हणजे असं असतं, सुटा म्हणजे तसं. प्रिंटरने कर्रकर्र करून चिठ्ठी बाहेर टाकली. आईने ती कमरेला खोचली आणि पाटी डोक्यावर घेतली.

"तां माका रातीक सांग," ती म्हणाली. "सरक वाटेतसून. बांगडे तापतत."