खिडकीतले मणी

दौलत घाडी गिरणीच्या रंगखात्यात होता, तेव्हा त्याने पास केल्याशिवाय कापड पुढे सरकत नसे. संपात गिरणी बंद पडली ती पडलीच. पुढे वीसेक वर्षं नाही नाही ती कामं करून गडी परळच्या एका प्रयोगशाळेत शिपाई म्हणून चिकटला. सहा महिन्यांनी पर्मनंट करणार होते. त्याच्या बायकोने, गुणवंतीने, करी रोडच्या चाळीत पेढे आधीच वाटून टाकले.

पाचव्या महिन्यात नवं मशीन आलं. प्रयोगशाळेच्या प्रमुख रेगे मॅडमनी समजावलं, "या बाटलीत डोळ्यांना दिसत नाहीत एवढे बारीक मणी आहेत. प्रत्येक जातीची छटा वेगळी, आणि प्रत्येक छटा रक्तातलं एकच प्रथिन पकडते. मशीन छटा ओळखतं आणि थेंबभर रक्तात तीस प्रथिनं एकदम मोजतं."

"म्हणजे आमचं छटा जुळवायचं शेडकार्डच की," दौलत म्हणाला. त्याची छाती फुगली. मात्र बाटली काळ्या कागदात गुंडाळलेली पाहून त्याला या शिकलेल्या माणसांची कीव आली. रंग पारखायचा तो दिवसाउजेडी, खिडकीत, हे गिरणीत कुणीही सांगितलं असतं. मॅडम जेवायला गेल्यावर त्याने कागद सोडला आणि बाटली दुपारभर उन्हात ठेवली. तीस छटा कुठल्या, सगळं एकच फिकट निळं पाणी. मॅडमना कंपनीने गंडवलं म्हणून तो हळहळला आणि बाटली पुन्हा गुंडाळून ठेवली.

दुसऱ्या दिवशी मशीनला एकही मणी ओळखता येईना. मॅडम कंपनीला कडक पत्र लिहायला बसल्या, तेव्हा कुठे दौलतच्या डोक्यात प्रकाश पडला. घरी त्याने गुणवंतीला सांगितलं.

"तोंड बंद ठेवा," ती म्हणाली आणि रागाने मालवणीवर आली. "वाटलेले पेढे आता परत मागून हाडू काय?"

पण गिरणीत खराब मालावर पास करणाऱ्याचं नाव लिहीत. सकाळी तो मॅडमपुढे उभा राहिला. "माल चांगला होता. उन्हात मी ठेवला. रंग उजेडातच बघतात, मॅडम."

मॅडमनी कपाळाला हात लावला. "अहो दौलत, हे रंग उजेडात उडतात."

"मग कच्चे आहेत," दौलत दुखावून म्हणाला. "आमच्या गिरणीने नापास केले असते."

मॅडमना हसू आवरेना. पत्र त्यांनी फाडलं. दौलतने स्वतः काळे पडदे शिवून खिडकीला लावले, आणि पडदा सरकवणाऱ्या डॉक्टरांनाही तो दरडावू लागला.

महिन्याने पर्मनंटचा कागद आला. दौलत तो घेऊन बाहेर व्हरांड्यात गेला आणि उन्हात धरून बराच वेळ उभा राहिला.

"पर्मनंट लिहिलंय ना?" मॅडमनी विचारलं.

"लिहिलंय. गिरणीच्या कागदावरही लिहिलं होतं," दौलत म्हणाला. "म्हणून जरा उन्हात धरलाय."