सांगणाऱ्याचं नाव

बायकोला माझ्या चोरून ओढलेल्या विड्यासुद्धा ठाऊक आहेत. हे तेवढं ठाऊक नाही. कुणालाच नाही. तुम्हाला सांगतोय – का, ते विचारू नका.

सोपान आणि मी पिंपरीच्या एका कंपनीत शेजारच्या मशीनवर होतो. तो पिंपरीगावचा जुना माणूस, चौथी शिकलेला, आणि गप्पांचा बादशहा. मी कामगारांच्या स्पर्धांसाठी एकांकिका लिहायचो, म्हणून सगळे मला लेखक म्हणायचे. मलाही ते आवडायचं. फारच आवडायचं.

कंपनीत दोन महिने टाळेबंदी होती. ती उठल्यावर सोपानने कँटीनमध्ये आपल्या आईची गोष्ट सांगितली. म्हातारीचा सगळा दिवस कंपनीच्या भोंग्यावर चालायचा. टाळेबंदीत भोंगाच बंद. मग उंबऱ्यावर ऊन आलं की ती उलथन्याने ताट वाजवायची आणि ओरडायची, "सोपाना, भोंगा झाला, ऊठ!" हा गडी गुमान उठायचा, डबा घेऊन नदीकाठी बसायचा आणि कंपनी सुटायच्या वेळी घरी परतायचा. घराला बेकारी दिसू नये म्हणून – दोघांनी मिळून. सांगताना तो इतका हसला, की डोळ्यांतून पाणी आलं. मी हसलो नाही. मी मनात लिहायला लागलो होतो.

त्या गोष्टीवर मी लिहिलेली नाटिका मुंबईच्या टीव्हीवाल्यांनी घेतली. फॉर्म आला. त्यात दोन रकाने होते – लेखन कुणाचं आणि कथाकल्पना कुणाची. दोन्हींना वेगळं नाव, वेगळं मानधन. मी कँटीनमध्येच तो भरत होतो. समोर सोपान, माझ्याहून जास्त खूश.

"राव, सांगणाऱ्याचं बी नाव लावत्यात का?" त्याने विचारलं.

सहजच विचारलं हो. फॉर्म इंग्रजीत होता; त्याला वाचता येत नव्हता, मला येत होता. माझं पेन नेमकं त्या दुसऱ्या रकान्यावर होतं.

"नाही रे," मी म्हणालो, "लिहिणाऱ्याचंच लावतात. नियमच आहे तसा."

आणि तिथे माझं नाव लिहिलं. पैशासाठी? पैसे घेतले, पण त्यासाठी नाही. पडद्यावर माझं नाव दोनदा दिसावं – एवढ्यासाठी. इतका हलका होतो मी.

नाटिका लागली त्या संध्याकाळी सोपान आईला घेऊन आमच्या कॉलनीत आला. टीव्ही एकाच घरात, दारापर्यंत माणसं. म्हातारी पडद्याकडे बघून म्हणाली, "आगं बया, ही तर माज्यावानीच हाय की!" सगळे हसले. जाताना तिने कनवटीचा गुळाचा खडा काढून माझ्या हातावर ठेवला. माझ्या, सोपानच्या नाही. तो मी खाल्लाही. किती गोड माणसं होती ती – आणि मी त्यांच्यात बसलो होतो.

इथेच थांबलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण सोपानच्या गोष्टी कुठे थांबतात? दोन वर्षांनी आमच्याच कंपनीच्या पेंट शॉपमधल्या एकाने त्याच्या दुसऱ्या एका किश्श्यावर नाटक बसवलं. माणूस सरळ. हँडबिल छापायच्या आधी तो कँटीनमध्ये आमच्या टेबलापाशी आला आणि म्हणाला, "सोपानभाऊ, मूळ कल्पना म्हणून तुमचं नाव टाकतो."

सोपान लाजला. मनातून त्याला केवढं हवं होतं, ते मला दिसत होतं. तरी त्याने हात जोडले.

"न्हाई भाऊ, तसं करू नगा. सांगणाऱ्याचं नाव लावत न्हाईत, नियम हाय. उगा तुमचं नाटक बाद व्हायचं." मग मोठ्या अभिमानाने माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "ह्याला इचारा की. टीव्हीचा लेखक हाय आपला."

दोघंही माझ्याकडे बघत होते.

मी मान डोलावली.