पेंढ्यात राखलेली जीप

शेणव्याजवळच्या आमच्या गावात कमळाकर यांची जीप कित्येक वर्षे गोठ्यालगतच्या पडवीत उभी होती. एसटी जिथे पोहोचत नसे, त्या पाड्यांवरून आजाऱ्यांना, बाळंतिणींना आणि बाजारकरूंना त्यांनी याच जीपमधून शहापुरास आणले होते. पुढे रस्ते डांबरी झाले, उतारू रिक्षांकडे वळले आणि जीप थांबली.

पौषात म्हसा येथे जत्रा भरे, तेव्हा या जीपमध्ये पाय ठेवायला जागा नसे. कमळाकरांच्या पत्नी अंबूबाई नवे लुगडे नेसून दारात उभ्या राहत आणि दरवर्षी तेच उत्तर ऐकत, "शीटा भरल्या गो. पुढल्या वर्षी तुला पुढं बसवतो." ते पुढले वर्ष कधी आले नाही. गेल्या पावसाळ्यात अंबूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. दिवाळीनंतर एकदा त्या अंथरुणावरून म्हणाल्या, "अवो, या जत्रंला तरी न्याल का?"

भाच्याने आपली मोटार देऊ केली, ती अंबूबाईंनी नाकारली. "दुसऱ्याच्या गाडीत बसून काय करू? जिच्यात मला जागा नव्हती, तिच्यातच बसायचं हाय."

दुसऱ्या दिवशी कमळाकरांनी जीप उघडली. उकरली म्हणणे अधिक योग्य ठरेल. भाताचे बियाणे पेंढ्याच्या मुड्यात बांधून कोरडे राखण्याची आमच्याकडे रीत आहे. अंबूबाईंनी त्याच न्यायाने दरवर्षी मृगाआधी जीपमध्ये, जीपखाली आणि सांध्यासांध्यांत पेंढा भरला होता. तो काढून कमळाकरांनी उंदरांची घरे झाडली, कुजलेला कापडी टप उतरवला, रॉकेलच्या फडक्याने एकेक नट पुसला आणि कार्बोरेटर खोलून धुतला. पुढच्या सीटवर नवे रेक्झीन चढवले. अंबूबाई खिडकीलगतच्या अंथरुणावरून पाहत.

"अंग कसं राखलंय बघा मी. इंजिनाचं तुमचं तुमी बघा!"

आटगावचा मेकॅनिक भावेश बॅटरी घेऊन आला, त्या दुपारी शेजारी या नात्याने मी अंगणात होतो. बरीच घरघर झाली, काळा धूर निघाला आणि इंजिन सुरू झाले. आतून अंबूबाईंनी सुनेला हाक मारली, "रुपा, पेटीतलं हिरवं लुगडं काढ गो!"

भावेश गाडीखाली सरकला आणि पुष्कळ वेळाने बोलला. "काका, इंजिन वाघ हाय. पन ही चासी बघा." चासी म्हणजे गाडीचा कणा. त्याने तिला पेचकसाचे टोक लावले, तर ते मुठीपर्यंत आत गेले. त्या भोकातून काळा, ओला पेंढा बाहेर आला.

"पेंढा कोनी कोंबला हिच्यात? म्हैस हाय का ही?"

"हळू बोल," कमळाकर म्हणाले.

"पानी धरून ठेवलं ना त्यानं. आख्खी चासी गंजून गेली. वेल्डिंग करायला लोखंड नाय उरलं. म्हसा सोडा, नाक्यावरच दोन तुकडे व्हतील. काकीला बसवू नका."

कमळाकरांनी इंजिन बंद केले. मग त्यांनी स्वतःच वायरी सोडवून बॅटरी भावेशच्या मोटारसायकलवर बांधून दिली.

"बंद का केली गाडी?" आतून प्रश्न आला.

"इंजिन गेलं. नाय लागायचं आता."

"आत्ता तर बोलत व्हतं!"

"शेवटचं बोललं."

अंबूबाई म्हणाल्या, "एवढी वर्सं मी अंग सांभाळलं, तुमाला एक इंजिन नाय सांभाळता आलं?"

"नाय आलं," कमळाकर म्हणाले.

रुपाने हिरवे लुगडे पुन्हा पेटीत ठेवले. जत्रा भरली आणि उठली. समाचाराला येणाऱ्या प्रत्येकाला अंबूबाई नवऱ्याच्या हलगर्जीपणाची ही हकिगत ऐकवीत, आणि उशाशी बसलेले कमळाकर मान हलवून तिला दुजोरा देत.

वैशाख सरत आला, तेव्हा अंबूबाईंनी अंथरुणावरूनच आठवण करून दिली, "अवो, मृग जवळ आला. गाडीत पेंढा भरा. इंजिन गेलं, अंग तरी राहू द्या."

कमळाकर भारा उचलून पडवीत गेले. कुंपणापलीकडून मला ते दिसत होते. त्यांनी भारा सोडला, ओलसर काड्या निवडून बाजूला टाकल्या आणि कोरडा पेंढा नव्या रेक्झीनच्या सीटवर नीट पसरायला सुरुवात केली. खिडकीतून अंबूबाई त्यांना कोपरे दाबून भरायला सांगत होत्या.