जाम नदीतली डोलकाठी

ऐंशी सालानंतरची गोष्ट. मी पांढुर्ण्याच्या एका शाळेत टेम्पररी ड्रॉइंग मास्तर होतो. सौंसरहून साहेब तपासणीला येणार, त्यांना काम आवडलं तर परमनंट होशील, असं हेडसरांनी कानात सांगितलं. मग काय, मी हॉलची अख्खी भिंतच मागून घेतली.

रद्दीतल्या मासिकात एका फ्रेंच चित्रकाराचा समुद्र सापडला होता. हा बाबा जन्मभर समुद्रच काढत बसला. तिकडच्या सरकारनं त्याला चक्क आरमाराचा चित्रकार नेमलं, लढाऊ जहाजावरून फिरवलं, वर गणवेशही दिला. वाचून माझा नुसता जळफळाट झाला. इथं मला रंगीत खडूसाठी हेडसरांच्या मागं फिरावं लागे.

त्याचंच वादळ मी भिंतीवर उतरवलं. खवळलेलं पाणी, बुडतं जहाज, कललेली डोलकाठी, टोकाला फाटका झेंडा. समुद्र मी कधी पाहिला नव्हता, पण चित्र झालं तेव्हा ऊर भरून आला.

पण गाव पडलं पांढुर्णा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत मधोमध झेंडा लावलेलं पळसाचं झाड रोवायचं आणि तो झेंडा मिळवायला इकडून पांढुर्ण्यानं, तिकडून सावरगावनं एकमेकांवर गोटे हाणायचे, ही आमची गोटमार. पाण्यात झेंडा दिसल्यावर जहाज कोण पाहतो? शाळा समितीचे अध्यक्ष सावरगावचे. ते भिंतीसमोर लय वेळ उभे राहिले.

“मास्तर, झेंडा पांढुर्ण्याकडं काहून झुकून राह्यला?”

मी फ्रान्स सांगितलं, वारा सांगितला. वारा कोणाच्या पार्टीचा आहे ते आम्हाले समजते, म्हणाले. बरं, काठी दुसरीकडे कलवतो म्हटलं तर हेडसर पांढुर्ण्याचे, त्यांचं तोंड उतरलं. शेवटी समिती बसली, चहा-भजी झाली आणि ठरलं की झेंडा सरळ करा. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. पण नोकरी पाहिजे होती. वादळातली ती काठी मी ओळंबा लावून ताठ उभी केली.

साहेब आले, चष्मा पुसून चित्र पाहिलं.

“एवढं वादळ, जहाज बुडून राह्यलं, अन् काठी सरळ?”

अध्यक्ष छताकडे पाहू लागले, हेडसर बुटांकडे. मास्तरचं निरीक्षण कच्चं आहे, टेम्पररीच राहू द्या, असं सांगून साहेब गेले.

सगळे पांगल्यावर मी ब्रश घेतला आणि काठी, झेंडा, सगळं लाटांखाली घातलं. भिंतीवर नुसता समुद्र उरला. किती बरं वाटलं म्हणून सांगू!

सकाळी अध्यक्षांनी भिंत पाहिली आणि हेडसरांना विचारलं, “झेंडा तुमच्यावाल्यांनी नेला का?” हेडसरांनी लेकरांची शपथ घेतली. मग जन्मात पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं की झेंडा मास्तरनंच नेला, आणि त्या दिवसापासून मला शाळेत यायची गरज उरली नाही.